‘दुःखी’ आणि निषिद्ध ग्रंथांची यादी

व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच साहित्यिकाची ‘ले मिझेराब्ल’ ही कादंबरी १८६२ साली प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी, जून १८६४ मध्ये, रोमने तिचे नाव निषिद्ध ग्रंथांच्या यादीत दाखल केले आणि ते तेथे १९५९ सालापर्यंत राहिले. सुमारे पंचाण्णव वर्षे कॅथोलिक श्रद्धावंताला ही कादंबरी धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून वाचण्याची मोकळीक नव्हती. आज त्याच कादंबरीतील प्रसंग आमचे धर्मगुरू प्रवचनात सांगतात. बिशपने चोराला दिलेल्या चांदीच्या शमादानांची गोष्ट उपवासकाळात कधीच कानावर पडली नाही, असा कॅथोलिक वाचक विरळा. ज्या ग्रंथाला एके काळी दार बंद होते तो प्रवचनपीठापर्यंत कसा येऊन पोहोचला, हे पाहणे उद्बोधक ठरावे.

मराठी ख्रिस्ती वाचकांच्या दृष्टीने या हकिगतीला आणखी एक पदर आहे. ही कादंबरी मराठीत आणली ती साने गुरुजींनी, ‘दुःखी’ या नावाने. गुरुजींचा जन्म कोकणातल्या पालगडचा, २४ डिसेंबर १८९९ चा. म्हणजे नाताळच्या आदल्या दिवसाचा. परंतु त्यांची कर्मभूमी खानदेश. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून सहा वर्षे ते शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांची देखभाल त्यांनी आईच्या मायेने केली. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. जून १९५० मध्ये ते गेले. म्हणजे ‘दुःखी’ लिहिली गेली तेव्हा मूळ ग्रंथ रोमच्या यादीत होता. जो ग्रंथ तेव्हाच्या कॅथोलिक घरात उघडपणे येऊ शकत नव्हता, तो एका हिंदू शिक्षकाच्या हातून मराठी घराघरांत जाण्यासाठी निघाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्या निमित्ताने गुरुजींचे स्मरण पुन्हा ताजे झाले. पण गुरुजी म्हटले की ‘श्यामची आई’ आठवते; ‘दुःखी’ हाती घेणारे थोडे. म्हणून या लेखासाठी आम्ही तीच कादंबरी निवडली आहे.

प्रथम कथानकाचा आरंभ ध्यानात घेऊ. दीन्य या डोंगराळ गावी मिर्येल नावाचे पंचाहत्तर वर्षांचे बिशप आहेत. गावात आल्यावर ते शेजारच्या इस्पितळास भेट देतात. पाच-सहा लहान खोल्यांत सव्वीस रुग्ण कोंबलेले, आणि बिशपांच्या प्रशस्त वाड्यात माणसे अवघी तीन! हिशेबात काही तरी चूक झाली आहे, असे म्हणून ते वाडा इस्पितळाला देतात आणि स्वतः इस्पितळाच्या इमारतीत राहावयास जातात. वर्षाच्या पंधरा हजारांच्या तनख्यातून स्वतःसाठी ठेवतात केवळ एक हजार. दाराला कुलूप घालीत नाहीत. फाशी जाणाऱ्या कैद्याजवळ जाण्यास गावचा धर्मगुरू कां-कूं करतो, तेव्हा हे स्वतः वधस्तंभापर्यंत त्याच्या सोबत चालत जातात. जुन्या वैभवातून त्यांच्यापाशी उरले आहे ते एवढेच : जेवणाची सहा चांदीची पात्रे, एक मोठा डाव आणि दोन चांदीची शमादाने. दीन्य येथे बिशप मिओलिस नावाचे एक साधुचरित सत्पुरुष खरोखरच होऊन गेले होते. त्यांचे चरित्र ह्यूगोच्या डोळ्यांसमोर होते.

या दारात १८१५ सालच्या एका सायंकाळी जाँ व्हालजाँ येऊन उभा राहतो. बहिणीच्या सात उपाशी लेकरांसाठी पाव चोरला म्हणून पाच वर्षे, आणि तुरुंगातून पळण्याचे प्रयत्न केले म्हणून आणखी चौदा, अशी एकोणीस वर्षांची सक्तमजुरी भोगून तो सुटलेला आहे. त्याच्या खिशात पिवळे ओळखपत्र आहे. त्यापायी खानावळवाला त्याला बाहेर काढतो. कुत्र्याच्या खोपटातही त्याला थारा मिळत नाही. बिशप त्याला ‘आपण’ म्हणून संबोधतात, चांदीच्या पात्रांत जेवू घालतात, पांढऱ्या चादरीवर निजवतात. रात्री तो ती पात्रे घेऊन पळतो. सकाळी शिपाई त्याला धरून आणतात, तेव्हा बिशप म्हणतात की ही वस्तू मीच यांना दिली होती. उलट शमादाने न्यावयाची हे विसरले कसे? पुढे हलक्या आवाजात ते त्याला सांगतात की तुझा आत्मा मी विकत घेतला आहे आणि देवाला वाहिला आहे.

प्रवचनात गोष्ट बहुधा येथे संपते. कादंबरी संपत नाही, आणि तिचे वाङ्मयीन मोठेपण आमच्या मते येथूनच सुरू होते. इतकी कृपा पदरात पडल्यावर व्हालजाँ करतो काय? वाटेत भेटलेल्या एका पोराचे नाणे तो पायाखाली दाबून धरतो आणि पोराला हाकलून देतो. पोर रडत निघून गेल्यावर त्याचा पाय उचलतो, नाणे दिसते, आणि मग तो कोसळतो. एकोणीस वर्षांत प्रथमच त्याला रडू येते. साधा लेखक असता तर त्याने शमादाने हाती पडताक्षणीच पश्चात्ताप घडवून आणला असता. कृपा तत्काळ मिळते, परंतु ती अंगी मुरायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात जुनी सवय एकदा तरी डोके वर काढते, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच हा प्रसंग लिहावा. पापनिवेदनाला नियमाने बसणारा कोणताही भाविक या प्रसंगात स्वतःला ओळखील.

दुसरे उदाहरण जाव्हेर या पोलीस अधिकाऱ्याचे. पुष्कळ वाचक त्याला खलनायक समजतात. ते त्याच्यावर अन्याय करणारे आहे. जाव्हेर लाच घेत नाही, खोटे बोलत नाही, स्वतःच्या चुकीची शिक्षा स्वतः मागून घेतो. त्याचे दैवत एकच : कायदा. ज्या व्हालजाँचा तो वर्षानुवर्षे पाठलाग करतो तोच त्याला हाती सापडला असता जीवदान देतो, तेव्हा या प्रामाणिक माणसाच्या पायाखालची जमीन सरकते. नियमात न बसणारी दया असू शकते, हे त्याला सोसत नाही, आणि तो सीन नदीत देह टाकतो. संत पौलाने नियमशास्त्र आणि कृपा यांविषयी जे पत्रांतून समजावून सांगितले, त्याची इतकी भेदक शोकांतिका दुसऱ्या कादंबरीत आमच्या पाहण्यात नाही. याच्या समोर ह्यूगोने उभी केली आहे सिस्टर सिंप्लिस ही धर्मभगिनी. जन्मात जिने असत्य उच्चारले नाही अशी तिची ख्याती. व्हालजाँ त्याच खोलीत लपला असता जाव्हेर तिला विचारतो, आणि ती लागोपाठ दोनदा खोटे बोलते. जाव्हेर तिच्या शब्दावर विश्वासून निघून जातो. ज्या ग्रंथात धर्मभगिनीच्या सत्यनिष्ठेला इतकी किंमत आहे, तो धर्मद्वेष्ट्याचा ग्रंथ कसा म्हणावा?

मग आक्षेप कशाला होता? रोमच्या यादीत ग्रंथांची नावे छापली जात, कारणे नव्हेत. तथापि श्रद्धावंत वाचकाला खटकतील अशी तीन स्थळे कादंबरी वाचताना कोणाच्याही ध्यानात येतील, आणि त्यांचा विचार टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिले स्थळ बिशप आणि मरणोन्मुख क्रांतिकारक यांच्या भेटीचे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळच्या सभेचा हा वृद्ध सभासद गावाबाहेर एकटा राहतो; लोक त्याला वाळीत टाकतात. बिशप त्याच्याकडे जातात ते मनात अढी धरून, एका पाप्याचा समाचार घेण्यासाठी. दोघांचा वाद होतो. क्रांतीत मेलेल्या राजपुत्रासाठी तुम्ही रडता तर उपासमारीत मेलेल्या गरिबांच्या मुलांसाठीही रडा, अशा आशयाचे तो बोलतो. शेवटी बिशपच गुडघे टेकून त्याचा आशीर्वाद मागतात. १८६४ सालच्या रोममध्ये हे कसे वाचले गेले असेल? तेव्हा परमगुरुस्वामींचे राज्य इटालीतील क्रांतिकारकांच्या हाती चालले होते. बिशपने क्रांतिकारकापुढे गुडघे टेकणे हा त्या काळी राजकीय प्रसंग होता. आज आपण तो पाय धुण्याच्या विधीसारखा वाचू शकतो. काळ बदलला की त्याच पानाचा अर्थ निराळा उमटतो. बंदीचा हुकूम मात्र ज्या दिवशी निघतो त्या दिवसाचाच अर्थ कायमचा धरून बसतो.

दुसरे स्थळ मठजीवनाविषयीच्या विवेचनाचे. पॅरिसमधील एका कडक व्रतस्थ मठात व्हालजाँ आणि छोटी कोझेत यांना आसरा मिळतो. त्या निमित्ताने कथा थांबवून ह्यूगो मठसंस्थेवर लांबलचक निबंध लिहितो, ती संस्था कालबाह्य झाली असे निक्षून म्हणतो, आणि त्याच दमात प्रार्थनेसमोर नतमस्तक होतो. येथे आम्ही ह्यूगोच्या विरोधात आहोत. त्याच्या निबंधाला त्याच्याच कथेने उत्तर दिले आहे. पोलिसांना, न्यायालयांना, साऱ्या शहराला ज्या बापलेकींसाठी जागा नव्हती त्यांना जागा मिळाली ती मठाच्या भिंतीआड. तेथे माळीकाम करताना, अपराध नसताना प्रायश्चित्त करणाऱ्या त्या भगिनींना पाहून व्हालजाँचा उरलासुरला अहंकार गळून पडतो. तत्त्वचिंतक ह्यूगोपेक्षा कादंबरीकार ह्यूगो अधिक खोल पाहतो, याचा हा उत्तम नमुना होय.

तिसरे स्थळ शेवटचे. व्हालजाँ मरणशय्येवर आहे. धर्मगुरू बोलवायचा का, असे विचारल्यावर तो वर बोट दाखवून सांगतो की तो येथे आहेच. बिशपांची शमादाने उशाशी तेवत आहेत. कॅथोलिक वाचकाला येथे चुटपुट लागते, आणि लागली पाहिजे. अंत्यसंस्काराविना गेलेले मरण आमच्या घरांत दुःखाचे मानले जाते. ह्यूगो स्वतः संस्कार मानणारा नव्हता. तो देव मानीत होता. त्याची ही मर्यादा आपण मर्यादा म्हणूनच नोंदवावी. पण त्याच प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे : ज्या बिशपने अठरा वर्षांपूर्वी एका रात्रीचा आसरा दिला, तोच या माणसाचा शेवटचा सोबती ठरतो. धर्मगुरूच्या एका कृतीचे आयुष्य किती दीर्घ असू शकते, हे याहून प्रभावीपणे कोणी सांगितले आहे?

आक्षेप केवळ रोमकडूनच आले असे नाही. कवी लामार्तिन याने १८६३ साली या कादंबरीवर दीर्घ टीका लिहिली आणि अशक्य सुखाची हाव गरिबांच्या मनात पेटविणारा ग्रंथ म्हणून तो धोक्याचा ठरविला. उलट बाजूने, खुद्द ह्यूगोचा मुलगा शार्ल हा तक्रार करीत होता की सद्गुणांचा पुतळा म्हणून बिशप कशाला? डॉक्टरासारखा एखादा आधुनिक पेशाचा माणूस का नको? धर्माच्या विरोधकांना हा बिशप फार चांगला वाटला, आणि धर्माच्या रक्षकांनाही त्याचे चांगुलपण अडचणीचे झाले. प्रत्यक्षातील बिशपांनी त्याच्याशी तुलना व्हावी अशी इच्छा कशी करावी! दोन्ही पक्षांची गैरसोय करणारी ही व्यक्तिरेखा ह्यूगोने लिहिली, त्यातच त्याचे स्वातंत्र्य दिसते.

दोषही सांगितले पाहिजेत. वॉटर्लूची लढाई, पॅरिसची भुयारी गटारे, चोरांची बोली अशा विषयांवर ह्यूगो पानेच्या पाने खर्ची घालतो आणि कथा खोळंबून राहते. सारी पात्रे पुनःपुन्हा नेमकी एकमेकांनाच भेटतात, हे योगायोग पचवणे जड जाते. कोझेत मोठी झाल्यावर तिच्यात रंग उरत नाही. तिची आई फांतीन मात्र विसरता येत नाही : मुलीच्या पोटासाठी आधी केस, मग दात, आणि शेवटी स्वतःला विकणारी. तिला ‘पतिता’ म्हणण्याआधी तिला ढकलले कोणी, हे विचारणे ह्यूगोने वाचकाला भाग पाडले. सभ्य वाचकाला सर्वांत जास्त हाच प्रश्न टोचला असावा.

आता यादीविषयी थोडे. निषिद्ध ग्रंथांची पहिली रोमन यादी चौथे पोप पॉल यांनी १५५९ साली काढली. शेवटची आवृत्ती १९४८ ची. आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर, जून १९६६ मध्ये, सहावे पोप पॉल यांच्या काळात ती कायदा म्हणून रद्द झाली. श्रद्धा आणि नीती यांना बाधक ते टाळण्याचे नैतिक कर्तव्य श्रद्धावंताच्या सदसद्विवेकावर सोपविण्यात आले. या बदलाच्या उंबरठ्यावरची एक हकिगत बोलकी आहे. ग्रॅहॅम ग्रीन या कॅथोलिक लेखकाच्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ या १९४० सालच्या कादंबरीचा नायक मेक्सिकोतील छळाच्या काळातला एक दारुडा, मूल असलेला धर्मगुरू आहे. तो स्वतःला नालायक समजतो, पण लोकांना संस्कार देण्यासाठी मरणाच्या दारात परत जातो. १९५३ साली रोमच्या कार्यालयाने ग्रीन यांना नापसंती कळविली आणि मजकुरात बदल सुचविले. ते झाले नाहीत. १९६५ साली ग्रीन यांची सहाव्या पोप पॉल यांच्याशी भेट झाली तेव्हा पोप महोदयांनी ती कादंबरी वाचलेली होती. तुमच्या पुस्तकांतला काही भाग काही कॅथोलिकांना नेहमीच खटकणार, तिकडे लक्ष देऊ नका, अशा अर्थाचे ते बोलले. कार्यालयाने दुखावलेल्यांची बाजू घेतली. परमगुरूंनी पुस्तक वाचले. ग्रंथाविषयी मत बनविण्याच्या या दोन पद्धतींतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

ह्यूगोच्या बिशपला दीडशे वर्षांनंतर ख्रिस्तसभेतच न्याय मिळाला, असेही म्हणता येईल. वधस्तंभापाशी त्याच्या मनाचा जो थरकाप झाला तो त्या काळी भाबडेपणा वाटला असेल. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरविला.

साने गुरुजींकडे पुन्हा वळू. त्यांनी टॉलस्टॉयचा कलाविषयक ग्रंथ ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणला होता. त्या ग्रंथात टॉलस्टॉय, देव आणि शेजारी यांच्यावरील प्रेमातून उपजलेल्या श्रेष्ठ कलेची जी थोडी उदाहरणे देतो त्यांत ‘ले मिझेराब्ल’ आहे. १९०१ साली रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने ज्याला बहिष्कृत केले, तो टॉलस्टॉय रोमने निषिद्ध ठरविलेल्या कादंबरीला ख्रिस्ती कलेचा आदर्श म्हणतो, आणि दोन्ही ग्रंथ मराठीत येतात ते अमळनेरच्या एका शिक्षकामुळे! स्वतः गुरुजींनाही बंदीचा अनुभव होता. त्यांच्या ‘पत्री’ या काव्यसंग्रहाच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त केल्या होत्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती टिपून घेतली गुरुजींनी. तुरुंगाच्या भिंती ज्याने आतून पाहिल्या, त्याला व्हालजाँची एकोणीस वर्षे परकी वाटली नसणार.

‘दुःखी’ हे नाव मात्र विचार करायला लावते. मूळ फ्रेंच शब्दाला दोन अर्थ आहेत : हतभागी, आणि अधम. गरिबी एका टोकाला गेली की हे दोन्ही अर्थ एकत्र येतात आणि मग दोष कोणाचा, हाच तर ह्यूगोचा प्रश्न. ‘दुःखी’ या शब्दात पहिला अर्थ पुरता आला आहे, दुसरा निसटला आहे. यात गुरुजींचा स्वभाव दिसतो. ज्याला जग अधम म्हणते त्याच्यातही त्यांना आधी दुःखच दिसे. भाषांतर म्हणून नाव अपुरे आहे. नावामागची दृष्टी बिशप मिर्येल यांची आहे.

हा सारा विषय दूरच्या फ्रान्सचा आणि जुन्या रोमचा वाटू नये. खानदेशात आज तो आपल्या अंगणात आहे. यावल तालुक्यातील सांगवीचे सुपुत्र भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही कादंबरी २०१० साली आली. २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना लाभला. याच कादंबरीतील लमाण स्त्रियांविषयीच्या मजकुरावर बंजारा समाजातून तीव्र आक्षेप घेतला गेला आणि २०२० साली जळगाव जिल्ह्यात प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. साहित्यप्रेमींनी अशा वेळी ‘लोकांना कादंबरी कळत नाही’ असे म्हणून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने आपल्या देशातील कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला; तो कायदा १९५२ साली गेला, परंतु शिक्का पुसला गेला नाही. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो. व्हालजाँच्या खिशातले पिवळे ओळखपत्र येथे साऱ्या तांड्यांच्या वाट्याला आले. ज्यांना शतकभर दारोदार हाकलले गेले, त्यांनी आपल्या लेकीबाळींविषयीचा मजकूर वाचून कळवळून उठावे, यात नवल नाही. ती वेदना खरी आहे, आणि तिला शब्दांत उत्तर देणे हे साहित्यिकांचे कर्तव्य आहे.

तरीही पोलीस ठाणे हे त्या वेदनेचे योग्य ठिकाण नव्हे. जाव्हेरच्या हाती ग्रंथ दिला तर तो त्यात कलम शोधील. पात्राच्या तोंडचे काय, लेखकाचे काय, ज्या समाजाचे चित्रण आहे त्याची सबंध कादंबरीत प्रतिमा काय उमटते, हे प्रश्न वाचनाने सुटतात. बंजारा समाजातील लेखकांनी स्वतःचे जग स्वतःच्या शब्दांत मांडावे, समीक्षकांनी त्या मजकुराची चिरफाड करावी, लेखकालाही जाब विचारावा. यातून मराठी साहित्य समृद्ध होईल. ग्रंथ गुंडाळून ठेवल्याने तांड्यावरच्या एकाही मुलीचा सन्मान वाढणार नाही.

आम्हां ख्रिस्ती लोकांना या प्रश्नात दोन्ही बाजूंना उभे राहण्याची पाळी आलेली आहे. २००६ साली ‘द दा विंची कोड’ या चित्रपटाविरुद्ध आपल्या समाजातून निदर्शने झाली आणि काही राज्यांनी त्याच्यावर बंदी घातली. २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा एक धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. ज्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले त्यांनाही हे ऐकावे लागले. संख्येने थोड्या असलेल्या समाजाने हे नीट ध्यानात घ्यावे. धार्मिक भावना दुखावल्याचा कायदा १९२७ साली दंड संहितेत आला. २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या २९९ व्या कलमात आहे. भावना दुखावल्या एवढ्यावर पुस्तक थांबविण्याचा पायंडा पडला, तर ज्यांच्या भावनांना संख्येचे बळ आहे त्यांचाच शब्द चालेल. मग शुभवर्तमानाच्या एखाद्या पानावरही आक्षेप निघू शकतो.

याचा अर्थ घरात येणारे प्रत्येक पुस्तक मुलांच्या हाती बेधडक द्यावे असा नाही. कोणत्या वयात काय वाचावे हे सांगणे हा आईवडिलांचा हक्क आणि धर्मही आहे. पण ‘हे तू आत्ता वाचू नकोस, मोठा झालास की आपण मिळून वाचू’ असे घरात सांगणे निराळे, आणि ‘हे कोणीच कधी वाचू नये’ असे सरकारकडून वदविणे निराळे. पहिल्यात माया आहे आणि जबाबदारी आहे. दुसऱ्यात दोन्ही नाहीत.

नाशिक धर्मप्रांत १९८७ साली स्थापन झाला तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडची आमची धर्मग्रामे त्यात आहेत. कुटुंबे थोडी, विखुरलेली; कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, कोणी शेतावर. अशा ठिकाणी मोठे ग्रंथालय लागत नाही. येत्या उपवासकाळात एखाद्या धर्मग्रामातील चार कुटुंबांनी ‘दुःखी’ची एक प्रत मिळवावी आणि आठवड्यातून एकदा ती मोठ्याने वाचावी. क्रांतिकारकापुढे गुडघे टेकणाऱ्या बिशपवर वाद घालावा, मठावरील ह्यूगोच्या मताला उत्तर शोधावे, शेवटच्या मरणावर गप्प बसून विचार करावा. शेजारच्या घरातील कोणी हिंदू, मुसलमान वा बंजारा मित्र ऐकायला आला तर त्याला आत घ्यावे. बिशप मिर्येल यांच्या दाराला कुलूप नव्हते.